फियाटच्या डब्यातला सोऱ्या

सहदेव परब गेल्यापासून सुगंधा रडली नव्हती, आणि ही गोष्ट तिच्यापेक्षा बाकीच्यांनाच जास्त टोचत होती. भेटायला येणारा माणूस मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोहोचायचा, चप्पल काढता काढता आधी तिच्या डोळ्यांकडे बघायचा, आणि डोळे कोरडे दिसले की जरा फसवल्यासारखा चेहरा करून खुर्चीत बसायचा. एवढे जिने चढून आल्याचं काहीतरी चीज व्हायला नको का? सहदेवची बहीण जयंती गोरेगावहून येऊन राहिली होती. ती प्रत्येक पाहुण्याबरोबर नव्याने रडायची, त्यामुळे घरातला कोटा कसाबसा भरून निघत होता.

"वयनी, एकदा रडान मोकळी हो गो," जयंती सांगायची. "छातीत धरून ठेवशीत तर आजारी पडशीत."

"येत नाही तर काय करू?" सुगंधा म्हणायची आणि दूध बघायला उठायची.

खरंच येत नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग बोटाला गाल लागतो पण गालाला बोट लागत नाही. तसं तिचं सगळंच होऊन बसलं होतं. कामं होत होती. कुकर लागत होता, पिंडाचा भात शिजला होता, तेरावा पार पडला होता. सगळं जवळून दिसत होतं आणि काहीच पोहोचत नव्हतं.

खाली कंपाउंडात फियाट उभी होती. उभी म्हणजे तीन चाकांवर आणि एका सागवानी ओंडक्यावर. मागचं डावं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि चाक ज्या दांड्यावर बसतं तो लोखंडी दांडा बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. हे सहदेवने शेवटच्या सकाळी केलं होतं. मग तो हात पुसत वर आला, "आतलं सील फाटलंय, तेल गळतंय," एवढं म्हणाला, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, आणि सुगंधाने चहा गाळेपर्यंत संपला होता. इमारत पाडायची ठरल्यापासून सोसायटीने लिफ्ट बंद ठेवली होती. म्हणून त्याला त्याच खुर्चीत बांधून खाली नेलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्याची मान एका बाजूला पडत होती आणि शेजारच्या पाटलांचा मुलगा ती पुन्हा सरळ करत होता. सुगंधाने ते वरून पाहिलं होतं. शेवटी शेवटी तो मुलगाही कंटाळला आणि त्याने मान तशीच राहू दिली.

नितेशने, म्हणजे मुलाने, फियाटचा निकाल लावून टाकला होता. त्याचं चुकत होतं असं नाही. महिनाअखेर इमारत बिल्डरच्या ताब्यात जाणार, गाडीचे कागद कधीच संपलेले, आणि ऐरोलीच्या त्याच्या फ्लॅटला एकच पार्किंग. "शनिवारी भंगारवाला येतोय," तो जेवताना म्हणाला. "क्रेन आणतो म्हणाला. साखळीने उचलेल आणि टाकेल ट्रकमध्ये. आपल्याला काही करायचं नाही."

सुगंधाने आमटी वाढता वाढता विचारलं, "उचलून का?"

"चाक नाही ना, आई. चालणार कशी?"

"मग चाक लावा."

"लावून काय करायचं? भंगारातच जायचीय."

"जाऊ दे. पण उचलून नाही न्यायची. आपल्या चाकांवर जाऊ दे."

नवरा गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. तिने आवाज चढवला नव्हता, डोळेही वर केले नव्हते, पण नितेशचा घास हातातच राहिला. जयंतीनेही एकदा भावजयीकडे आणि एकदा त्या कोपऱ्यात ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. या घरात निदान कुणाला तरी वेळेवर रडू येत होतं.

"शनिवारी अकरापर्यंत," नितेश म्हणाला. "तोवर चाकांवर आली तर ठीक. नाहीतर क्रेन. त्याला पुन्हा पुन्हा नाही बोलावता येणार."

हे काम एकाच माणसाला जमण्यासारखं होतं. तळमजल्यावरचे राजाराम खिल्लारे पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे जालन्याकडचे. सहदेव आणि ते, दोघांनी मिळून कितीतरी रविवार त्या गाडीखाली घालवले होते. दसऱ्याला सहदेव हत्यारांना झेंडूची फुलं वाहायचा. राजाराम त्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचे आणि परत आल्यावर म्हणायचे, "कुंकू लावलंस ते लावलंस, पण मुठीवर कशाला लावतोस रे? हात लाल होतो." मग ते पुसून घ्यायचे आणि दोघं गाडीखाली जायचे.

आता हत्यारं म्हणायचं तर म्हणायचं. ती सगळी गोडेतेलाच्या कापलेल्या पत्र्याच्या डब्यात होती, आणि दुकानातून आणलेली त्यात जेमतेम चार. हत्यार विकत घेणं हा सहदेवला स्वतःचा पराभव वाटायचा. सायकलच्या तारेची आकडी होती, कार्बोरेटरची भोकं साफ करायला. सलाइनची नळी होती, ब्रेकमधली हवा काढायला. एक लांब सळई होती, तिचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून तो आतलं ऐकायचा. ऐकताना चेहरा असा करायचा की इंजिनला टायफॉइड झालाय. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट मोजायला नितेशच्या लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा होता. सहदेव सगळ्यांना सांगायचा की पत्रिका निवडताना त्याने जाडी बघून निवडली, आणि लोक हसायचे. ती थट्टा नव्हती हे फक्त राजारामना माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी राजाराम डबा उपडा करून कंपाउंडात बसले. सुगंधा शेजारी उभी होती. जयंती काय चाललंय ते बघायला खाली आली होती.

"वहिनी, सील नवीन आहे, हे बघा, आणून ठेवलंय त्याने," राजाराम म्हणाले. त्यांच्या हातात रबराची आणि पत्र्याची एक कडी होती, बांगडीपेक्षा थोडी लहान. "हे आत ठोकून बसवायचं. पण तिरकं गेलं की फाटतं. सगळीकडून सारखा मार बसायला हवा. त्याच्यासाठी आपलं एक नळकांडं आहे. पितळी. ते दिसत नाही."

"कसलं नळकांडं?"

राजाराम डब्यात बघत राहिले. डब्यात आता काही उरलं नव्हतं. "असं गोल. पोकळ. वरच्या बाजूला दोन कान."

"कान?"

"धरायला. पितळी आहे, म्हणून सीलला चरा पडत नाही. आणि तोंड नेमकं त्या मापाचं. फक्त आटे घासून काढावे लागले त्याला. झाकणाचे."

सुगंधाने रिकाम्या डब्यात एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाली, "सोऱ्या."

राजारामनी मान खाली घातली.

सोऱ्या सुगंधाच्या आईचा. देवगडहून लग्नात आलेला, चांगला जड, चकलीची जाळी अशी की एकही काटा मोडत नसे. नितेश शाळेत असताना एका दिवाळीच्या तोंडावर तो गायब झाला. सहदेव म्हणाला की दांडा ढिला झाला होता म्हणून तांबटाकडे दिलाय. मग म्हणाला तांबट गावाला गेलाय. पुढच्या दिवाळीला तांबटाने दुकानच बंद केलं होतं, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला, सहदेवच्या सांगण्याप्रमाणे, तांबट वारला. त्या न पाहिलेल्या तांबटासाठी सुगंधाने तेव्हा थोडं हळहळूनही घेतलं होतं. तेव्हापासून ती दरवर्षी राजारामच्या बायकोचा, शांताबाईंचा सोऱ्या मागून आणायची. मागायचीही वेळ यायची नाही. शांताबाई वसुबारसेलाच स्वतः वर येऊन देऊन जायच्या.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," सुगंधा म्हणाली.

"होतं."

"आणि शांताबाईंना?"

"तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, मग आपला देत जाऊ, बिचारीला विचारावं लागू नये." राजाराम हातातलं सील फिरवत राहिले. "मी त्याला म्हणलं होतं वहिनी, नवा घेऊन दे. तो म्हणायचा, देतो, सांगतो, यंदा नक्की सांगतो. दर दिवाळीला सांगणार होता."

सुगंधा राग यायची वाट बघत उभी राहिली. आता यायला हरकत नव्हती, कारण पुरेसं होतं, समोर साक्षीदारही होता. पण लिफ्टचं बटण दाबून बंद लिफ्टपुढे उभं राहावं तसं झालं. वरून काही खाली येईना.

"पण मग तो गेला कुठे?" तिने विचारलं.

जयंतीने घसा साफ केला. "तो? पितळेचो? तेलकट काळो झालेलो?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तो मिया काढलंय. डब्यात सोऱ्यो बघून माका इतक्यां वाईट वाटलां. म्हटलां, पुरुषाक काय कळता, बायलेचो सोऱ्यो खिळ्यांत टाकून ठेवल्यान. चिंच लावन घासलंय, असो लखलखलो म्हणान सांगू." ती थांबली. मग जरा घाईने म्हणाली, "दानात पितळेचां भांडां लागता ना. नवीन हाडूची काय गरज? पितळ तां पितळ. त्यातच ठेवलंय. भटजी घेऊन गेलो."

राजारामनी कपाळावर हात मारला नाही, पण हात कपाळापर्यंत गेला होता.

"मागून आणू," सुगंधा म्हणाली.

"अगो, दान दिलेलां परत मागतंत?" जयंतीचा आवाज एकदम पोथी वाचल्यासारखा गंभीर झाला. "मेल्या माणसाच्या नावान दिलेलां. त्याका तिकडे पोचलेलां असतलां."

"त्याला तिकडे सोऱ्या काय करायचाय? त्याला इकडे हवा होता, तो त्याने वापरला." सुगंधाने पदर खोचला. "भावजी, चला."

भटजी गव्हाणपाड्यात राहायचे. वाटेत सुगंधाने भांड्यांच्या दुकानातून एक पितळी तांब्या घेतला. रिकाम्या हाताने दान परत मागायला जाणं तिच्या हिशोबात बसत नव्हतं. राजाराम तांब्याची पिशवी धरून तिच्या मागे चालत होते आणि काय बोलावं हे मनात जुळवत होते. आयुष्यभर ज्या विधींना त्यांनी लांबूनही हात जोडले नव्हते, त्यातलं एक भांडं सोडवायला ते निघाले होते.

भटजी कुठल्याशा वास्तुशांतीला गेले होते. दार त्यांच्या बायकोने, अनुपमाने उघडलं. सुगंधाला पाहून तिने आधी डोळ्यांकडे पाहिलं, मग आत बोलावलं. राजाराम जिन्यातच थांबले.

"तुम्ही पण या ना," अनुपमा म्हणाली. "उन्हातून आलात. पाणी घ्या."

त्यांनी चप्पल काढली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून पाणी प्यायले.

सुगंधाने उगाच फिरवून सांगितलं नाही. "तेराव्याच्या दानात एक सोऱ्या आला होता. तो चुकून आला. मला परत हवा आहे. त्याच्याबदली हा तांब्या."

अनुपमाचा चेहरा उजळला, आणि तो दाखवायचा की नाही हे तिला पटकन ठरवता येईना. "बरं झालं बाई विचारलंत. मी परवा चकलीचं पीठ भिजवलं, म्हटलं चांगला जुना सोऱ्या आलाय. पीठ भरलं, झाकण बसेचना. फिरवतेय, फिरवतेय, गरागरा फिरतंय. दाबला तर जाळीसकट पीठ कढईत. तेल केवढं उडालं. हे म्हणाले, दानाच्या भांड्याला नावं ठेवू नकोस."

"आटे घासलेत त्याचे," राजाराम स्टुलावरून म्हणाले.

"कुणी?"

"यांच्याच यजमानांनी. गाडीसाठी."

"गाडीत चकल्या?"

"सील ठोकायला."

अनुपमाने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाचा चेहरा स्थिर होता, तेव्हा हसावं की नाही हे न कळून तिने आत जाऊन सोऱ्या आणला. त्यात उदबत्त्या उभ्या केलेल्या होत्या. त्या तिने काढून घेतल्या, आत हात फिरवून राख झटकली. "झाकण आणि दांडापण देते. आणि तांब्या कशाला, हे काय बदलीचं दुकान आहे का?"

"ठेवा," सुगंधा म्हणाली. "नाहीतर माझी नणंद झोपणार नाही."

दुपारी ऊन उतरल्यावर काम सुरू झालं. राजाराम गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसले. त्यांनी चाकाच्या जागेतल्या गोल खाचेत सील अलगद टेकवलं आणि सोऱ्या त्यावर आडवा धरून पाहिला. तोंड तंतोतंत बसलं.

"आता अडचण आहे," ते म्हणाले. "सहदेव धरायचा, मी ठोकायचो. एकाने व्हायचं नाही."

नितेश ऑफिसच्या कॉलवर कंपाउंडात येरझाऱ्या घालत होता. त्याने फोनवर हात ठेवून, येतो, अशी खूण केली आणि पुन्हा पाठ फिरवली. सुगंधाने त्याची वाट पाहिली नाही. ती साडी आवरून फरशीवर बसली आणि तिने सोऱ्याचे दोन्ही कान धरले. धरताना अंगठे आपोआप वर आले, कोपरं अंगाला लागली. चकली पाडताना धरतात तसंच.

"सरळ धरा. हलू देऊ नका."

"हं."

राजारामनी सोऱ्याच्या दुसऱ्या तोंडावर फळीचा तुकडा टेकवला आणि हातोडी मारली. हलका मार होता, तरी तिच्या खांद्यापर्यंत आला. पुन्हा मारली. प्रत्येक वेळी पितळ कण्हल्यासारखं वाजत होतं. तिला वाटलं, याच आवाजाला ती रविवारी वरून ओरडायची, शेजारी झोपलेत, जरा हळू. तिचाच सोऱ्या वाजत होता आणि ती वरून त्यालाच गप्प करत होती.

"तो धरताना काही बोलायचा?" तिने विचारलं.

"शिव्या द्यायचा." राजाराम हातोडी थांबवून म्हणाले. "मला. मेल्या, बोटावर मारशीत, बोटावर मारशीत, असं. मी कधी मारली नाही. एकदा मारली."

"मग?"

"मग त्याने तुम्हाला सांगितलं की दारात बोट सापडलं."

तिला ते आठवलं. हळद तिनेच लावली होती. ही दुसरी थाप. ती मनातल्या मनात मोजू लागली आणि मग मोजणं सोडून दिलं. माणूस गेल्यावर त्याच्या थापांची बेरीज कुणाला दाखवायची?

पुढच्या ठोक्याला आवाज बदलला. कण्हणं थांबलं, भरीव टक झालं.

"बसलं," राजाराम म्हणाले.

नंतरचं काम त्यांनी आणि नितेशने केलं. नितेश कॉल संपवून आला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आणि दांडा आत सरकवताना, चाकाचे नट आवळताना राजाराम सांगतील तसं करत गेला. ओंडका काढला तेव्हा फियाट एकदा खाली बसली, थोडी हलली आणि चार चाकांवर उभी राहिली. नितेशने हात पुसायला चिंधी शोधली. त्याला डब्यात आपल्या लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा सापडला, त्यावर त्याचं अर्धं नाव होतं. तो तुकडा त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि काही न विचारता खिशात घातला.

शनिवारी भंगारवाला क्रेन घेऊन आला आणि गाडी चाकांवर बघून नाराज झाला. "ये तो चलेगी नहीं," त्याने जाहीर केलं. बॅटरी उतरली होती हे खरंच होतं. तेव्हा पाटलांचा मुलगा, वॉचमन, नितेश आणि आणखी दोघं मागून ढकलायला उभे राहिले. राजाराम स्टिअरिंगवर बसले. सुगंधा कुणाला न विचारता डाव्या बाजूला जाऊन बसली.

"आई, तू कशाला?" नितेश म्हणाला.

"यार्डापर्यंत जाते. तू मागून रिक्षाने ये, दोघांना परत आणायला."

जयंतीने खिडकीतून आत वाकून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, अगदी शेवटचं म्हणून. गॅलऱ्यांमधूनही लोक बघत होते. काही मिळालं नाही.

गाडी ढकलली गेली, दोन आचके बसले, एक खोकला झाला आणि इंजिन लागलं. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. फियाट गेटच्या उंबऱ्यावरून उतरली, वळली आणि चालू लागली. सिग्नलला ती थांबत होती, सुटत होती. पूल उतरताना राजारामनी एकदा मागच्या चाकाकडे कान दिला आणि "गळत नसणार," असं स्वतःलाच म्हणाले. क्रेन पुढे रिकामी चालली होती.

भांडुपच्या यार्डात त्यांनी गाडी मोकळ्या जागेत लावली, इंजिन बंद केलं आणि भंगारवाल्याशी बोलायला उतरून गेले. नितेशची रिक्षा अजून यायची होती. सुगंधा पर्स मांडीवर धरून बसून राहिली.

डाव्या बाजूचं दार आतून उघडत नसे. सहदेव गाडी थांबवायचा, काहीतरी कुरकुरत पुढून वळसा घालायचा आणि बाहेरून दार ओढायचा. तोवर असं बसून राहायचं, ही सवय इतकी जुनी होती की ती सवय आहे हेच ती विसरली होती. समोरच्या काचेतून दरवाजे नसलेल्या गाड्यांची रांग दिसत होती. एका टपावर मांजर झोपलं होतं. राजाराम पाठमोरे उभे होते, हाताने काहीतरी समजावत होते. गाडीच्या पुढून कुणी येत नव्हतं. आपण कुणाची वाट बघतोय हे ध्यानात यायला तिला वेळ लागला.

मग ती सरकली. पुढची सीट एका सलग बाकासारखी होती, तरी स्टिअरिंगजवळ येताच ती एकदम खोल गेली. आतला स्प्रिंग पार बसला होता. सुगंधा क्षणभर त्या खड्ड्यात बसली, पाय पेडलांपर्यंत पोचतात का ते पाहिलं. पोचत नव्हते. तिने साडी गोळा केली आणि उजव्या दाराने खाली उतरली.